जायचं वेगळं, यायचं वेगळं

सुरभीने आईसाठी विमानाची दोन तिकिटं काढली, जायचं एका कंपनीचं आणि यायचं दुसरीचं, तेव्हा दारव्ह्यात तिची इतकी थट्टा झाली की विचारू नका.

"एका माणसाले दोन दोन कंपन्या कायले?" बाबा म्हणाले.

स्टँडजवळ तिकिटांचं दुकान असलेले सुनीलकाका तर खो खो हसले. "बाप्पा! जाण्या-येण्याचं एकसाथ काढतेत वं पोट्टे! माह्यं दुकान दिसलं नाही का तुले?"

सुरभी अकरावीत होती. दोन वर्षांपूर्वी ती असल्या बोलण्याने रडून उशी ओली करायची. पण आता तिने कॉलेजच्या स्टेजवर माईक हातात धरला होता आणि त्या दिवसापासून तिचा आवाज काही खाली यायला तयार नव्हता. "काका," ती म्हणाली, "एकसाथच्या तिकिटात सोमवारचं विमान नागपूरले रात्री अकराले उतरते. घरी पोहोचायले पहाट होईन. मंगळवारी अकरा वाजता आईचा पेपर आहे. ती काय पेपरात झोपा काढन?"

पेपर म्हटल्यावर थट्टा तिथेच थांबली, कारण हा विषयच तसा होता.

विमलताईंची, म्हणजे आईची, शाळा नववीतच सुटली होती. लग्न झालं, सोनूताई झाली, मग सुरभी झाली आणि दहावी राहून गेली ती राहूनच गेली. मागच्या वर्षी सुरभीनेच बाहेरून दहावीला बसायचा १७ नंबरचा फॉर्म आणून भरला. तेव्हापासून आई तूर निवडता निवडता कविता पाठ करत होती, आणि पोळी तव्यावर टाकून समानार्थी शब्द म्हणत होती. पहिला पेपर मराठीचा, मंगळवारी. आणि नेमकं त्याच्या आदल्या रविवारी बंगळूरला सोनूताईच्या मुलीचं बारसं! आजीने पाळण्याजवळ असलंच पाहिजे, आणि परीक्षेलाही बसलंच पाहिजे. दोन्ही जमत होतं ते फक्त विमानाने. शुक्रवारी संध्याकाळी जायचं, सोमवारी दुपारी दोनला नागपुरात उतरायचं.

सगळं ठरलं आणि आजोबांनी पंचांग उघडलं. आजोबांना घरात सगळे नानाजी म्हणत.

"शुक्रवारी अवस आहे," ते म्हणाले. "अवसेले घर सोडत नाही."

"नानाजी, विमानवाल्यांले अमावस्या माहीत नाही!"

"त्यांले नसन. आपल्याले आहे ना?" नानाजींनी चष्मा पुसला. "काही बिघडत नाही. बुधवारी चांगला दिवस आहे. पस्तान ठेवू."

पस्तान म्हणजे असं, की चांगल्या दिवशी प्रवासातली एखादी वस्तू, सोबत तांदूळ, सुपारी आणि कुंकू, दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे माणूस त्या दिवशीच निघाला, असं धरतात. मग प्रत्यक्ष कधीही निघा, जाताना ती वस्तू उचलायची आणि पुढे जायचं. मात्र एकदा ठेवलेली वस्तू घरात परत आणायची नाही.

आईने आधी एक जुना रुमाल काढला. नानाजींना ते पटलं नाही. "खरोखर संगं नेणार ते ठेव विमल. फाटका रुमाल ठेवून देवाले काय फसवतं?"

म्हणून आईने बुधवारी आपली काळी पर्स समोरच्या धुरपताबाईंच्या घरी देवळीत, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात, ठेवली. आत तांदूळ, सुपारी, कुंकवाची पुडी. आणि पर्समध्ये आधीपासून जे होतं ते, होतं तिथेच.

शुक्रवारी दुपारी बारा वाजता भाड्याने सांगितलेली डोमाजींची जीप दारात उभी राहिली. सुरभीने सगळं दोनदा तपासलं. बॅग, बाळंतविड्याचे लाडू, मराठीचं पुस्तक.

"आधार कार्ड?"

आई थांबली. तिचा चेहरा असा झाला, जसा गॅसवर दूध ठेवून आलेल्या बाईचा होतो.

"पर्समधी आहे," ती म्हणाली.

"आणि मतदान कार्ड?"

"थे बी पर्समधीच."

"मग घेऊ ना जाता जाता, कायले घाबरतं?" बाबा म्हणाले. सगळे समोर गेले. धुरपताबाईंच्या दाराला कुलूप! शेजारचं पोरगं म्हणालं की त्या सकाळीच नेरला गेल्या, भावाच्या घरी. सुरभीने फोन लावला. कुलूप लावलेल्या घरातून, अगदी देवळीच्या बाजूने, भजनाची रिंगटोन ऐकू आली.

सुरभी हार मानणारी नव्हती. मोबाईलवर आधार काढू, म्हणाली. पण त्यासाठी ओटीपी लागतो, आणि तो जाणार बाबांच्या जुन्या नंबरवर. ते सिम तीन वर्षांपूर्वी विहिरीत पडलं होतं, मोबाईलसकट.

"कुलूप तोडा," डोमाजी म्हणाले.

"लोकाच्या घरचं कुलूप?" नानाजी ओरडले. "आपल्याले इथंच राह्यचं आहे बाबा!"

एक वाजला. दोन वाजले. दारव्हा ते नागपूर चार तास. बाबांनी नेरला कुणाला तरी फोन करून भावाचं घर शोधायला लावलं. तोवर धुरपताबाई एसटीत बसून निघालेल्याही होत्या. साडेचारला त्या गल्लीच्या तोंडाशी दिसल्या, हातात पपई. घरापुढे एवढी गर्दी पाहून त्यांना वाटलं, कुणी गेलंच.

"अवं, मले वाटलं तुम्ही उद्या निघून राह्यल्या!" त्यांनी कपाळावर हात मारला. "बुधवारी ठेवलं तं तीन दिसानं नेतीन, म्हटलं!"

पर्स मिळाली. विमान मात्र गेल्यातच जमा होतं. त्यावर चिडावं तरी कुणावर? धुरपताबाई तर रडायच्या बेतात आल्या होत्या. आईनेच उलट त्यांना पाणी दिलं.

इतक्यात सुनीलकाका गाडीवरून आले. बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली होतीच. "नागपूरहून साडेनऊची रेल्वे आहे. एक जागा मिळून राह्यली. उद्या संध्याकाळी बंगळूर. काढू?"

"काढा काढा!" बाबा म्हणाले.

"पण एक सांगतो." सुनीलकाकांनी आवाज खाली घेतला. "विमानाचा नियम असा आहे, का जाण्याच्या विमानात माणूस बसला नाही, तं येण्याचं आपोआप रद्द होते. सोमवारचं बी गेलं समजा. आणि परतीच्या रेल्वेले दहा दिवस जागा नाही, मी पाह्यलं."

डोमाजींनी जीपचं इंजिन बंद केलं.

म्हणजे बारसं, नाही तर पेपर. दोन्हीतलं एकच.

आईने पर्स छातीशी धरली. मग सावकाश, समजावल्यासारखं म्हणाली, "पेपर काय, पुन्हा देता येते. जुलैत देईन. नातीचं बारसं का पुन्हा होते?"

हे वाक्य सुरभीने याआधीही ऐकलं होतं. सोनूताईच्या बारावीच्या वेळी, काकूंच्या आजारपणात, घराचं बांधकाम सुरू होतं तेव्हा. दहावीचा विषय निघाला की दर वेळी आई असंच म्हणाली होती, पुढं बी देता येते. आणि आजोबांपासून सगळ्यांनी दर वेळी मान हलवली होती. आताही नानाजींची मान हलायला लागलीच होती.

"थांबा!" सुरभी म्हणाली. "काका, तो नियम एकाच तिकिटाचा असन ना? माह्ये तं दोन आहेत!"

"अवं, विमान म्हणजे विमान..."

"दोन कंपन्या आहेत काका! एकीले दुसरीचं कसं कळन, आई विमानात बसली का नाही थे?"

सुनीलकाका डोकं खाजवायला लागले.

"खात्रीनं सांगतं का?" बाबांनी विचारलं. सुरभीला खात्री नव्हती. तिने तर फक्त वेळ पाहून तिकिटं काढली होती! एवढा पुढचा विचार केला होता, असं म्हणणं म्हणजे थाप झाली असती. तिने सोमवारच्या कंपनीचा नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला.

एक दाबा, दोन दाबा, आपला कॉल महत्त्वाचा आहे. मग बासरी. गल्लीतल्या दहा-बारा माणसांनी ती बासरी अशी ऐकली, जणू निकाल लागणार होता. डोमाजी घड्याळ पाहत होते. पाच वाजून गेले, साडेनऊची गाडी धरायची तर आता हललंच पाहिजे.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते, मॅडम?"

मॅडम! सुरभीने स्टेजवरचा आवाज काढला. नंबर सांगितला, नाव सांगितलं आणि विचारलं, "जाण्याचं तिकीट दुसऱ्या कंपनीचं होतं. त्या विमानात प्रवासी बसू शकणार नाही. तर आपलं सोमवारचं तिकीट चालू आहे ना?"

खटखट असा टाइप केल्याचा आवाज आला. आईने डोळे मिटले होते.

"हो मॅडम. हे स्वतंत्र तिकीट आहे. त्या प्रवासाशी आमच्या तिकिटाचा काही संबंध नाही. आपली सीट पक्की आहे, खिडकीजवळची. दोन तास आधी विमानतळावर या."

"आणि रेल्वेनं गेली तरी?"

"आपण कशाही या मॅडम, बैलगाडीनं आल्या तरी चालेल."

गल्ली अशी हसली की समोरच्या भिंतीवरची कबुतरं उडाली. बाबा ओट्यावर मटकन बसले आणि पुन्हा लगेच उठले, कारण निघायचं होतं. धुरपताबाईंनी पपई कापायचीही वाट पाहिली नाही, आख्खी जीपमध्ये टाकली. सुनीलकाका मोबाईलवर रेल्वेचं तिकीट काढत पुटपुटले, "मी तं आधीच म्हणत होतो, पोट्टी हुशार आहे."

"कधी म्हणत होते?" सुरभीने विचारलं.

"मनात!"

जीप सुटताना आईने खिडकीतून हात बाहेर काढून सुरभीचा गाल धरला. तिच्या मांडीवर मराठीचं पुस्तक होतं आणि ते उघडलेलं होतं.

पुढचं सगळं, खरं सांगायचं तर, फारच सुरळीत झालं. शनिवारी संध्याकाळी जावई स्टेशनवर आले. रविवारी बारसं झालं, बाळाच्या कानात नाव सांगतात ते आईने व्हिडिओ कॉलवर सगळ्यांना दाखवलं. सोमवारी दोन वाजून पाच मिनिटांनी नागपूरहून फोन आला, "उतरली वं! ढग खाली असतेत सुरभे, खाली!" आणि सात वाजता ती घरी वरण-भात खात होती.

मंगळवारी सुरभी तिला केंद्रावर सोडायला गेली. फाटकाशी आईने पर्समधून हॉल तिकीट काढलं. सोनूताईला दाखवायचं म्हणून तेही त्याच पर्समध्ये होतं, बुधवारपासून. कुंकवाची पुडी फुटून एक ठिपका नेमका फोटोवर, आईच्या कपाळावर पडला होता. तपासणाऱ्या बाईंनी फोटो पाहिला, आईला पाहिलं. "जुळतंय," म्हणाल्या आणि आत सोडलं.

नानाजींनी फोनवर ते ऐकलं आणि पेपर सुटायच्या आत गल्लीभर सांगितलं की हॉल तिकिटाचंही पस्तान झालं म्हणूनच सगळं जमलं. सुरभीने त्यांना अडवलं नाही. आज तिला कुणालाच अडवायचं नव्हतं.

दुपारी दोनला घंटा झाली. पोरापोरींच्या लोंढ्यात आई मागे होती, पदराने बोटांची शाई पुसत. सुरभीला पाहिलं आणि तिथूनच ओरडली,

"पुरवणी लागली वं मले! दोन!"

सगळी पोरं वळून पाहायला लागली. सुरभीने धावत जाऊन तिला मिठीच मारली. "आणि गणिताले?"

"गणिताले नाही लागणार," आई म्हणाली, आणि दोघी फाटकातच उभ्या राहून हसल्या.