पंपावरचा आकडा

"सिस्टर, काल आठ होता, आज सोळा! सुधारतायत ना हे?"

घड्याळजींच्या बायकोने, काकूंनी, आयसीयूतल्या खाटेजवळच्या पंपाकडे बोट दाखवलं, आणि सिस्टरांच्या काळजात धस्स झालं. तो आकडा औषधाचा होता. रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब वर धरणारं औषध. घड्याळजींचं शरीर साथ सोडत होतं, म्हणून ते वाढवावं लागत होतं. काल काकूंनी हेच विचारलं, तेव्हा वीस वर्षांच्या अनुभवी सिस्टर गडबडीत "हं" म्हणून मोकळ्या झाल्या होत्या.

"लेकीला कळवलं मी, आकडा वाढतोय, येऊ नकोस. परीक्षा आहे हो तिची."

सिस्टर स्टूल ओढून बसल्या. "काकू, तो आकडा औषधाचा आहे. औषध जितकं जास्त लागतंय, तितकी यांची ताकद कमी झालीय. काल मी नीट सांगायला हवं होतं. माझं चुकलं."

काकूंनी मोबाइल पुढे केला. "तुम्हीच लावा. मला काही सुचत नाहीये."

लेक पाच तासांवर होती. डॉक्टर म्हणाले, "डोस वाढवून तेवढा वेळ बहुतेक निघेल. पण हृदयाला, मेंदूला रक्त पुरवायचं तर हातापायांचं तुटतं. बोटं काळी पडतील."

काकूंनी नवऱ्याची बोटं हातात घेतली. केसाएवढे स्क्रू बसवणारी बोटं. "दुनियेची घड्याळं वेळेवर लावली यांनी, आणि स्वतःच्या लग्नाला तासभर उशिरा आले," त्या म्हणाल्या. हसू आलं आणि तिथेच मोडलं. "बोटं जाऊ देत, डॉक्टर. पोरगी येईपर्यंत राहू देत."

दुपारी औषधाची सिरिंज संपत आली. मध्ये क्षणभर जरी खंड पडला, तरी रक्तदाब कोसळला असता. सिस्टरांनी शेजारच्या पंपावर नवी सिरिंज आधी चालू केली, मगच जुनी बंद केली. जेवायला त्या गेल्याच नाहीत.

साडेचारला लेक धावत आली. बॅग दारातच टाकून तिने बाबांचा हात शोधायला चादरीखाली हात घातला.

काकूंनी तिचं मनगट धरलं.

"हात नको धरूस, बाळा. कपाळाला हात लाव. तिथे अजून ऊब आहे."