खिळ्यावरची कातर आणि दिपालीची वेणी

मित्रांनो, मी एक जुनी कातर आहे, मेंढ्यांची लोकर कापणारी. तुमच्या कंपासपेटीतल्या कात्रीची लांबची आत्या समजा. माझी टोकदार पाती पाहून मुलं दूर सरकतात. पण आमच्या घरात सगळ्यांत भित्री कोण असेल, तर ती मीच.

माझा जन्म करमाळ्याच्या बाजारात एका लोहाराच्या भट्टीजवळ झाला. आधी आग, मग घणाचे घाव, मग थंड पाण्यात बुडी. भिण्याची सवय मला तिथूनच लागली असावी. मैंदर्गीच्या बिरप्पांनी मला उचललं, बोटानं धार पाहिली आणि घोंगडीत गुंडाळून घरी नेलं. तिथे मला पहिल्यांदा सुरक्षित वाटलं.

बिरप्पा धनगर होते. लोकर कापायच्या दिवशी ते मेंढ्या धुऊन आणायचे, मला हळद-कुंकू लावायचे आणि मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन बसायचे. अर्धं मराठीत, अर्धं कानडीत तिच्याशी बोलत राहायचे. घाबरलेली मेंढी अंग झटकते आणि माझं टोक तिच्या कातडीत शिरतं, याची मला फार धास्ती असे. बिरप्पांच्या हातात तसं कधी झालं नाही. शेजारी म्हणायचे, "बिरप्पा, तुमच्या हातनं मेंढरू लई देखणं निघतंय की."

त्यांच्या घराची एक रीत होती. एखादी मेंढी सारखी दुसऱ्याच्या पिकात शिरायला लागली, की तिच्या पाठीवरच्या लोकरीचा एक पट्टा कापायचा. मग कळपात ती लांबूनही ओळखू यायची आणि तिच्यावर नजर ठेवता यायची. त्यांचा मुलगा अजिनाथ लहानपणी हे शेजारी बसून पाहायचा. ती रीत त्याच्या डोक्यात पक्की बसली आणि पुढचं सगळं तिथूनच घडलं.

अजिनाथला चिंचोळी एमआयडीसीत काम मिळालं. सोलापुरात घर झालं. बिरप्पा थकले, मेंढ्या विकल्या गेल्या आणि मी बैठकीच्या खोलीत आरशाशेजारच्या खिळ्यावर आले. मला गंज चढू लागला. ज्वारीच्या पोत्याची सुतळी कापायला तेवढी कधीमधी माझी आठवण व्हायची. वाईट वाटायचं, पण भीती नव्हती.

अजिनाथची मुलगी दिपाली आठवीत. हुशार, बोलकी आणि जरा जास्तच खोडकर. तिच्या वर्गातल्या सोनमला टायफॉइड झाला होता. केस इतके गळले, की तिच्या आईनं, केराबाईंनी, तिचं डोकं भादरलं. सोनम रुमाल बांधून शाळेत यायची. एकदा तो रुमाल सुटला आणि दिपालीनं मोबाइलवर तिचा फोटो काढला. त्याला मेंढीच्या ओरडण्याचा आवाज जोडला, खाली लिहिलं 'कातरलेलं मेंढरू' आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकून दिलं. सगळे हसले. सोनम शाळेत यायची बंद झाली.

केराबाई घरी आल्या. भांडल्या नाहीत. उंबऱ्यातच उभ्या राहून म्हणाल्या, "माझी पोर दाराबाहीर पाय टाकंना. तुमाला सांगावं म्हणून आले." अजिनाथची मान खाली गेली. दिपाली आतून ऐकत होती.

त्या संध्याकाळी खोलीत कोणी नसताना दिपाली आरशासमोर आली. तिचे डोळे सुजले होते. ती हळूच म्हणाली, "सोनम, माझं चुकलं." मग आवाज बदलून पुन्हा म्हणाली. तिला ते नीट जमवायचं होतं. मी शेजारीच होते, म्हणून हे फक्त मलाच माहीत आहे. उद्या ही पोर सोनमकडे जाणार, असं वाटून मला फार बरं वाटलं.

पण दुसऱ्या दिवशी अजिनाथनं मला खिळ्यावरून काढलं आणि दगडावर धार लावली. सुतळीसाठी कोणी एवढी धार लावत नाही.

त्यानं गल्लीतल्या लोकांना दारात बोलावलं. केराबाईंना आणि सोनमलाही बोलावून घेतलं. त्याचा धाकटा भाऊ मल्लिनाथ मोबाइल धरून उभा राहिला. दिपालीला मधोमध बसवलं.

"चुकार मेंढीला खूण करत्यात, तशी हिला करतो," अजिनाथ म्हणाला. "पुन्यांदा कुणाला हसणार न्हाय."

दिपालीची आई बनाबाई मध्ये पडली. "आवो, घरात बोला की तिला. लोकांसमोर नगं."

"तिनं लोकांसमोरच केलं न्हवं?"

बिरप्पा खाटेवरून उठायला बघत होते, पण गुडघे साथ देईनात. "अजिनाथ, मेंढीला आपल्या पाठीवरची खूण दिसत न्हाय रं, लेकराला दिसती," ते म्हणाले. कोणी ऐकलं नाही.

दिपालीची मान मला लागली. ती थंड पडली होती. तिनं एकदा अंग झटकलं आणि माझं टोक कानामागे घासलं. रक्ताचा एक थेंब आला. मित्रांनो, इतकी वर्षं मी ज्याला भीत होते, ते माणसाच्या लेकराबरोबर घडलं. मग माझी पाती मिटली आणि वेणी खाली पडली. कोणीतरी हसलं.

"झालं का समाधान, पोरी?" अजिनाथनं सोनमला विचारलं.

सोनम आईच्या पदराआड लपली होती. ती रडतच म्हणाली, "आता शाळेत समदी मलाच म्हणतील, हिच्यामुळं झालं म्हणून. मला कशाला बोलवलंत, काका?"

अजिनाथचा हात खाली आला. त्यानं मल्लिनाथला मोबाइल बंद करायला सांगितलं, पण मल्लिनाथनं व्हिडिओ केव्हाच स्टेटसला टाकला होता. रात्र व्हायच्या आत तो वर्गाच्या त्याच ग्रुपवर पोचला. त्यालाही कोणीतरी मेंढीचा आवाज जोडला होता.

त्यानंतर दिपालीही शाळेत जाईना. तिनं आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला. आरशासमोर घोकलेलं ते वाक्य पुन्हा ऐकू आलं नाही. तिच्या मनात सोनमसाठी जी जागा झाली होती, तिथे आता नुसती भीती होती. आणि मी पुन्हा तिच्या डोळ्यांसमोर, त्याच खिळ्यावर.

परवा ज्वारीचं पोतं आलं. अजिनाथनं सवयीनं माझ्याकडे हात नेला. दिपाली कोपऱ्यात बसली होती. तिचे दोन्ही हात झटकन डोक्यावर गेले.

"पोतं हाय गं, पोतं," तो घाईनं म्हणाला. तिनं हात काढले नाहीत. अजिनाथ तिच्याकडे बघत राहिला. मग मला तसंच खिळ्यावर सोडून त्यानं सुतळी दातांनी तोडली आणि तिच्यापासून जरा अंतर ठेवून खाली बसला.

"माझं चुकलं, बाळा," तो म्हणाला.

दिपालीनं हात डोक्यावरच ठेवून त्याच्याकडे पाहिलं. मग विचारलं, "हे कुणाला सांगणार हाय का तुमी?"

"न्हाय. तुझ्या न् माझ्यातच."

तिनं एक हात खाली घेतला. "मग मला सोनमच्या घरी सोडता? तुमी बाहीरच थांबा."

दोघं गेली. सोनम दार उघडेल की नाही, मला माहीत नाही. दोघं परतेपर्यंत मी जीव मुठीत धरून लटकले आहे. मित्रांनो, मला तेलपाणी केलं नाही तरी चालेल, गंजून गेले तरी चालेल. तुमच्या घरात कोणाचं चुकलं, तर दार लावून घ्या, जवळ बसा आणि बोला. आणि मोठी माणसं रागात असतील, तेव्हा माझ्यासारखीला तेवढं खिळ्यावरच राहू द्या.