माझ्यापुरता नियम

आमचं ठरलं होतं ते असं: ह्या निवासी शाळेत एक सत्र. सत्र संपलं की आम्ही दोघं खारूला आणायला जाऊ, मी तिला विचारेन, इथे परत यायचंय की घरी राहायचंय, आणि ती सांगेल ते करायचं. नवऱ्याने ओट्याला टेकून दोन्ही हात वर केले होते. "बास. तिच्या तोंडून येईल ते." घराजवळच्या शाळेत मी तिची जागा धरून ठेवली होती. तिथल्या बाईंना सोमवारी हो-नाही कळवायचं होतं आणि आज शनिवार होता.

खारू म्हणजे आमची मुलगी. सात वर्षांची. घास गालात साठवून ठेवते म्हणून आधी खारूताई आणि मग नुसतीच खारू. जन्मापासून तिला ऐकू येत नाही. कानात मशीन घातलं की दार आपटलेलं कळतं, ट्रकचा हॉर्न कळतो. माझी हाक मात्र ती ऐकत नाही, बघते. चार वर्षं मी तिला आरशासमोर बसवून ओठ वाचायला शिकवलं. ओठांपुढे कागदाची पट्टी धरायची, 'प' म्हटलं की पट्टी हलली पाहिजे, 'म' म्हटलं की नाही. हातांच्या खुणा घरात बंद. खुणांची सवय लागली की मूल बोलायचा आळस करतं, असं एका डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि मी ते पदराला गाठ मारून ठेवलं होतं. खारू बोलायला लागली, पण ते फक्त मला कळायचं. वर्गातल्या मुलांना नाही. मधल्या सुट्टीत ती भिंतीला पाठ लावून एकटी उभी असते, हे मी कुंपणाबाहेरून तीनदा बघितलं आणि मग कर्णबधिर मुलांच्या ह्या शाळेला हो म्हटलं.

प्रवेशाच्या दिवशी मी वर तिचे कपडे लावत होते. नवरा खाली ऑफिसात होता. परत निघाल्यावर गाडीत म्हणाला, "एक नियम आहे गं यांचा. पहिल्या सत्रात भेटायला यायचं नाही. मूल रुळत नाही म्हणे."

"सगळं सत्र?"

"सगळं. रविवारी व्हिडिओ कॉल करून देतात."

नियम म्हटल्यावर मी गप्प बसले. मी फार्मासिस्ट आहे, चिठ्ठी नसेल तर सख्ख्या शेजारणीलाही औषध देत नाही. नियम मोडणं माझ्या हाडात नाही, आणि हे माझ्या नवऱ्याइतकं कोणाला माहीत असणार?

रविवारी अकराला शाळेच्या फोनवरून कॉल यायचा. खारू पडद्यावर दिसायची, पण नजर जराशी वर. फोन वॉर्डनबाईंनी धरलाय, त्या उंच असतील, मुलगी त्यांना बिचकत असेल, असं मी मनाशी जुळवून घेतलं होतं. नवरा त्या वेळी कामावर. तो लिफ्टची देखभाल करतो, आणि ऑफिसं बंद असतात तेव्हाच ते काम निघतं. सकाळी सातला डबा घेऊन जायचा, अंधार पडता पडता यायचा.

तर त्या शनिवारी आम्ही फाटकातून आत शिरलो. मैदानात मुलं पाठीला दप्तरं लावून आपापल्या माणसांची वाट बघत होती. आवाज मुळीच नव्हता असं नाही, उलट हसणं, खिदळणं, पाय आपटणं भरपूर होतं. शब्द तेवढे नव्हते. दोन वेण्यांची एक मुलगी आमच्याकडे बघून उजळली. तिने दोन बोटं नाकापासून कपाळावर सरकवली. मला वाटलं, नमस्कार असेल इथला. मीही हसले. तिच्या मागच्या मुलाने तेच केलं, मग झोपाळ्यावरच्या दोघांनी. दुसरे एक वडील आमच्या पुढेच चालले होते, त्यांना मात्र कोणी तसं केलं नाही.

माझा नवरा विचारात पडला की चष्मा कपाळावर सरकवतो. अगदी तसाच, दोन बोटांनी.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा हात उत्तर द्यायला अर्धा वर आला होता. तो त्याने खिशात घातला.

"काय रे हे?"

"मुलं गं. काहीतरी करतात," तो म्हणाला. "मी तिची बॅग आणतो, तू बस इथे."

मी बाकावर बसले. शेजारी एक बाई पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या, बँकेत कॅशियर आहेत असं त्यांनी बसल्या बसल्या सांगितलं. त्यांचा मुलगा खारूच्याच वर्गात होता.

"आणि तुम्ही खारूच्या मावशी का?"

"आई."

त्यांनी माझ्याकडे नीट वळून बघितलं. "अगंबाई!"

"का हो?"

"नाही नाही, काही नाही." मग स्वतःशीच हसल्यासारखं करून, "खारूचे बाबा एकटेच येतात ना नेहमी, तर आमचा सगळ्यांचा आपला समज झाला होता…"

"काय समज?"

"जाऊ द्या. मी एक वेंधळी."

"सांगा ना."

"की आई नाहीये तिला." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "मी तर दोनदा माझ्या डब्यातलं वाढलं हो त्यांना! म्हटलं, बिचारा एकटा माणूस."

मी भरून दिलेला डबा त्याच्याजवळ होताच, हे मी बोलले नाही. एवढंच विचारलं, "नेहमी म्हणजे?"

"दर रविवारी. आपला वर्ग असतो ना, पालकांचा. खुणांचा. माझी बोटं अजून एकमेकांत अडकतात, तुमचे मिस्टर म्हणजे पहिला नंबर. मुलांनी त्यांना नावसुद्धा ठेवलंय." आणि त्यांनी दोन बोटं नाकावरून कपाळावर नेली.

मी उठले. सरळ वसतिगृहाकडे चालू लागले. वसतिगृहाच्या जिन्याखाली बुटांची मांडणी होती, तिथे तो खारूची बॅग घेऊन उतरत होता. मागून सफाईच्या मावशी म्हणत होत्या, "गादी ठेवली हं कोठीत, तुम्ही म्हणालात तशी. पुढल्या सत्राला तीच देते." मला बघून त्या थांबल्या, आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे बघून परत वर गेल्या.

"तू इथे दर रविवारी येतोस," मी म्हटलं.

कोणी सांगितलं, हे त्याने विचारलं नाही. "हळू बोल."

"का? इथे कोणाला ऐकू जाणार आहे?"

त्याने बॅग खाली ठेवली.

"नियम होता की नव्हता?"

"पहिला महिना नका येऊ म्हणाल्या होत्या वॉर्डन. म्हणजे, सल्ला."

"आणि बाकीचं सत्र?"

त्याने बॅगेची चेन उगाच ओढून बघितली.

"म्हणजे माझ्यापुरता नियम. घरगुती."

"तू आली असतीस ना, तर दुसऱ्या रविवारी तिला काखोटीला मारून घेऊन गेली असतीस. खरं सांग. आणि खुणा! त्या तर तुला डोळ्यांपुढे नकोत. तिला इथे पाय रोवू द्यायचे होते मला."

"मला विचारून."

"तू ऐकलं असतंस?"

"ते माझं मी बघितलं असतं. तू मला नाही म्हणायचीसुद्धा संधी दिली नाहीस रे."

"मी सांगणार होतो."

"कधी? तिच्या लग्नात?"

वरच्या मजल्यावर मुलं धडधड पळत होती, जिन्याची फळी हलत होती. मला एकदम ती वर लागलेली नजर आठवली. "रविवारी फोन कोण धरायचं?"

त्याने मांडणीतला एक बूट सरळ केला.

"अरे, मी विचारतेय."

"तुला ती नीट दिसावी म्हणून. वॉर्डनचा हात हलतो."

मी खालच्या पायरीवर बसले. दर रविवारी मी त्या फोनसमोर, ओठ मोठे मोठे करून, मुलीला सांगत होते: बाबा कामावर गेलेत. लिफ्ट दुरुस्त करायला. बाबांना तुझी आठवण येते. आणि ती फोनच्या वर बघून मान हलवत होती. तिथे बाबाच उभे होते. संध्याकाळी तो घरी यायचा, दारात बूट काढता काढता विचारायचा, "कशी होती गं आपली खारू? काय म्हणाली?" आणि मी सांगायचे. सगळं. फ्रॉक कोणता होता ते, दात पडलाय ते, जरा बारीक वाटली तेसुद्धा. तो ऐकायचा. मध्येच "हो का?" म्हणायचा. एकदा तर माझे डोळे पुसले होते त्याने.

"'हो का' म्हणायचास तू," मी म्हटलं.

तेवढ्यात जिन्यातला दिवा दोनदा उघडझाप झाला. घंटेऐवजी इथे दिवा. मुलं खाली आली आणि त्यांच्यातून खारू सुटून थेट माझ्या अंगावर. मानेभोवती हात, पोटाभोवती पाय, अंगाला दुसऱ्याच साबणाचा वास. मी तिला किती वेळ धरून होते कोण जाणे. उंच झाली होती. खाली उतरली आणि लगेच वळून बाबांशी हातांनी काहीतरी बोलली. दोघं हसले. तो लगेच थांबला, ती हसतच होती.

मी तिची हनुवटी धरून तिला माझ्याकडे वळवलं. ठरलेला प्रश्न विचारलाच पाहिजे होता. "इथे. परत. यायचंय? का. घरी?"

तिला कळलं. कळल्याचं मला कळतं, तेवढं अजून माझं होतं. तिने तोंड उघडलं, मिटलं, आणि तिचे हात सुरू झाले. भराभर, छातीजवळ, गालाजवळ, मध्येच माझ्याकडे बोट, मध्येच बाबांकडे. चेहराही त्याबरोबर पळत होता.

"तोंडाने बोल ना, बाळा."

तिने मान हलवली. नाही. पुन्हा हात.

मी नवऱ्याकडे बघितलं. बघावंच लागलं. "काय म्हणतेय?"

"यायचंय म्हणते," तो म्हणाला.

"एवढंच?"

"एवढंच."

खारूचे हात अर्धा मिनिट तरी चालले होते. मी तिचा हात धरला आणि बाकाकडे निघाले. तो मागून "अगं, ऐक तरी" म्हणत आला. कॅशियरबाई मुलाच्या बुटाची नाडी बांधत होत्या.

"मला एक सांगाल? ही काय म्हणते ते. जसं म्हणेल तसं. गाळायचं काही नाही."

"अहो, मला तुमच्या मिस्टरांएवढं नाही येत."

"म्हणूनच."

त्यांनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. खारूला खांद्याला धरून समोर उभं केलं आणि खुणेने विचारलं. खारू परत पहिल्यापासून सांगू लागली. माझ्या पोटच्या पोरीचं बोलणं मी एका परक्या बाईच्या तोंडून ऐकत होते.

"म्हणते, इथे यायचंय. इथे सगळं कळतं. जेवताना कोण कोणाला काय म्हणालं तेसुद्धा कळतं. घरी मला सगळं नंतर सांगतात, आणि थोडंच सांगतात." बाई थांबल्या. "सावकाश गं राणी. हं. आई हळू हळू बोलते. वेड्यासारखं तोंड करून… असंच म्हणाली हो ती, मी नाही."

"पुढे?"

"पुढचं तुमचं घरातलं आहे."

"सांगा."

"बाबांनी विचारलं होतं, आईला आणू का. मी म्हटलं, नको. आई आली की आई रडणार, मग मला घरी जावं लागणार. म्हणून आम्ही आईला नाही सांगितलं." बाईंनी खारूचे हात हलकेच खाली केले. "झालं."

खारू माझ्याकडे बघत होती. तिला त्यात काही लपवण्यासारखं वाटत नव्हतं. आम्ही, म्हणाली होती ती. आम्ही दोघं.

"म्हणून ते सांगितलं नाही मी," नवरा हळूच म्हणाला. "तुला लागेल म्हणून."

"तिने नको म्हटलं ते मी समजू शकते. ती सात वर्षांची आहे." मला आवाज चढवायचा नव्हता, चढलाही नाही. "तू किती वर्षांचा आहेस?"

कॅशियरबाईंनी मुलाला उचललं आणि फाटकाकडे गेल्या. मी पर्समधून फोन काढला, घराजवळच्या शाळेच्या बाईंना लावला. सोमवारपर्यंत थांबायचं कारण उरलं नव्हतं. जागा सोडतेय, म्हटलं. हो, नक्की. त्यांनी कारण विचारलं. मुलीची इच्छा, म्हटलं.

फोन ठेवल्यावर नवऱ्याने सुटकेचा श्वास घेतलेला मला ऐकू आला. तोही मी त्याला माफ केला नाही.

"ती इथे येईल," मी म्हटलं. "ठरलं होतं तसं. पण रविवारी मी येणार. एकटी. खुणांच्या वर्गात पहिल्या बाकावर मी बसणार."

"आणि मी?"

"तू लिफ्ट दुरुस्त कर."

खारू त्याची बाही ओढत होती. काय चाललंय, कोण काय म्हणालं, तिला आत्ताच्या आत्ता हवं होतं, नंतर नाही. त्याने हात उचलले. मी त्याची दोन्ही मनगटं धरली.

"माझं बोलणं तू सांगायचं नाहीस. ह्यापुढे कोणालाच नाही."

मग मी खारूसमोर गुडघ्यांवर बसले आणि तिला सांगू लागले, ओठांनी, एकेक शब्द सुटा करून. तू इथे येणार. मी भेटायला येणार. रडणार नाही. तोंड वेड्यासारखं होत असणार, पण मला दुसरं काही येत नव्हतं. तिने शेवटपर्यंत बघितलं आणि मान हलवली. कळलं म्हणून हलवली, की मी रडू नये म्हणून, ते मी कोणालाही विचारलं नाही.