खडकवासल्याचं धुकं

कल्याणीनं लॅपटॉपवर बोट टेकवलं आणि भिंतीवर सातवा फोटो आला. खडकवासल्याचं पाणी, काठावर एक वठलेलं झाड, मागे सिंहगड. सगळं पांढुरकं आणि मऊ. नाजिमानं तो पाहिला आणि हातातला चहाचा कप खुर्चीखाली ठेवून दिला.

कोथरूडच्या त्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हौशी फोटोग्राफरांचा गट जमायचा. फोटो कुणाचा ते सांगायचं नाही, आणि ज्याचा असेल त्यानंही दुसऱ्याचा असल्यासारखं बोलायचं, असा नियम. नियम बाळकाकांचा. या माणसानं आयुष्यभर कारखान्यात माल तपासून नापास करण्याची नोकरी केली, आणि निवृत्तीनंतर तो लोकांचे सूर्यास्त नापास करू लागला. नाजिमाचा पहिला फोटो बघून त्यांनी विचारलं होतं, "क्षितिज वाकडं आलंय, की तुमच्या बिबवेवाडीत असंच असतं?" ती रडली नव्हती, पण आपल्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन पट्टी घेऊन त्या फोटोसमोर बसली होती. तीन वर्षांत तिला जे काही दिसायला लागलं ते या माणसामुळे, आणि म्हणून तिचा त्यांच्यावर जीव होता.

सातवा फोटो त्यांचाच होता. पंधरा दिवसांपूर्वी ती त्याच काठावर त्यांच्या शेजारी उभी होती. फोकस ते नेहमीसारखा हातानं जुळवत होते; कॅमेऱ्याच्या अकलेवर त्यांचा विश्वास नव्हता.

आज गटाच्या प्रदर्शनाचा दर्शनी फोटो ठरायचा होता.

"मूड जबरदस्त आहे," प्रज्ञेश म्हणाला. तो आयटीतला, त्याला बहुतेक फोटोंत मूड दिसायचा. "फॉगमुळे एकदम ड्रीमी झालंय. एंट्रन्सला हाच लावू या."

"माझंही मत यालाच," कल्याणी म्हणाली. "काका, तुम्ही?"

"बरा आहे," बाळकाका म्हणाले. त्यांच्याकडून 'बरा' ऐकायला लोकांची वर्षं जायची. "ज्यानं काढलाय त्याला धुकं कळतं." आणि ते मिशीतल्या मिशीत हसले.

आता पाळी नाजिमाची. हो म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण मग हाच फोटो चार फूट मोठा होऊन दारात लागणार, आणि येणारे जाणकार काकांचं नाव वाचून हसणार. नाही म्हणावं तर पाणउतारा आजच, इथेच.

"हे धुकं नाहीये," ती म्हणाली. "फोकस चुकलाय. उजेडही जास्त झालाय. झाड शार्प नाही, गड नाही, जवळचा दगडसुद्धा नाही."

"असं कसं?" प्रज्ञेश म्हणाला. "धुकं तर दिसतंय."

"मी होते तिथे. लख्ख सकाळ होती. गडावरचा टीव्हीचा टॉवर स्पष्ट दिसत होता."

नियम मोडला. ती कुणाबरोबर फोटो काढायला जाते हे सगळ्यांना माहीत होतं. नाजिमा काकांच्या टोमण्याची वाट बघत राहिली. या वेळी तो आला असता तर तिला बरंच वाटलं असतं.

बाळकाका उठून भिंतीपाशी गेले. चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला. फोटोतल्या दगडाशी वाकून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"नाजिमा," ते म्हणाले. "त्या दिवशी धुकं नव्हतं?"

"नव्हतं, काका."

"जाताना? रस्त्यावर?"

"नव्हतं."

ते भिंतीकडे तोंड करूनच उभे होते. कल्याणीनं दिवा लावायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"मी सबंध रस्ता स्कूटर हळू चालवली," ते म्हणाले. "समोरचं दिसत नव्हतं म्हणून. तू मागे बसली होतीस. काही बोलली नाहीस."

"मला वाटलं," नाजिमा म्हणाली, "मी मागे बसलेय, म्हणून हळू चालवताय."