पाच पायांचं मेंढरू

पाचवा पाय आतल्या बाजूला दुमडला होता; मास्तरने तो बोटाने सरळ केला, बोट काढलं, पाय पुन्हा दुमडला... जुन्या ब्लँकेटमधून कापलेलं तळहाताएवढं मेंढरू, एके काळी पांढरं, आता चहात बुडवून काढल्यासारखं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडलं होतं, आणि चर्चच्या रविवारच्या वर्गात आज तेच लागणार होतं. आज धडा तारणाचा, म्हणजे देव माणसाला कसा वाचवतो याचा; हरवलेलं मेंढरू मेंढपाळ शोधून उचलून आणतो, त्या गोष्टीतून. फ्लॅनेलचं लवदार कापड ताणून बसवलेल्या फळ्यावर अशी कापडी चित्रं नुसती दाबली की चिकटतात. डिंक नको, टाचणी नको.

पाच पाय का, असं दरवर्षी एखादं पोर विचारायचंच, आणि मास्तर (सगळे त्याला मास्तरच म्हणत, बायकोसुद्धा) सांगायचा की माझ्या मुलाने लहानपणी कापलंय हे, एखादा पाय तुटलाच तर हाताशी असावा म्हणून एक जास्तीचा ठेवलाय. पोरं खिदळायची. तोही हसायचा. पुढे मुलगा वेल्डर झाला आणि एका रविवारी बूट पुसता पुसता म्हणाला, “बाबा, मला हे पटत नाही आता. उगाच येऊन बसायचं, ते बरं नाही ना?” आवाजात राग नव्हता. चर्चला येणं थांबलं. घरी येणं थांबलं नाही. यायचा, दाराची बिजागरी नीट करायचा, आईला चिडवायचा... गेल्या हिवाळ्यात कामावरून परतताना ट्रकखाली आला. तेव्हापासून मास्तरच्या आत दाताला इंजेक्शन दिल्यासारखं झालं होतं — जीभ लावली की कळतं, तिथे काहीतरी आहे. पण ते आपलं नाही.

बायको कॅल्विनवादी घरातली, तो आर्मिनियन घरातला; दोन्ही ख्रिस्तीच, पण तारणाबद्दलची मतं वेगळी. मोठ्या मुलांना तो हा फरक सोपा करून सांगायचा. बायकोचं घर म्हणतं, जग घडायच्या आधीच देवाने आपली माणसं निवडली. त्याची कृपा कुणाला परतवता येत नाही, आणि त्याने धरलेला शेवटपर्यंत सुटत नाही. मास्तरचं घर म्हणतं, कृपा प्रत्येकाच्या दारी येते, कडी काढायचं बळही तीच देते, पण कडी आतून आपणच काढायची. आणि कुणी नाही म्हणालं तर त्याचं ‘नाही’ देव ऐकून घेतो. घरात याची केवढी चेष्टा चालायची!

“आपलं लग्न जग व्हायच्या आधीच ठरलं होतं,” ती म्हणायची.

“मग तुझ्या बापाच्या दारात मी खेपा कशाला घातल्या?”

“त्या खेपाही ठरलेल्याच. आणि पायरीवरून आपटलात ना, तेही.”

आता चेष्टा बंद होती. आता दोन्ही मतांच्या मध्ये मुलगा होता. बायकोच्या मताने तो धरलेला होता — निवडलेला असेल तर. हा ‘असेल तर’ ती उच्चारत नसे. आणि मास्तरच्या स्वतःच्या मताने मुलाचं ‘नाही’ देवाने ऐकून घेतलं होतं... ‘नाही’ला किंमत असते, हे मुलाला शिकवलं कुणी? यानेच, याच टेबलाशी, मांडीवर घेऊन. हे सगळं त्याला शुद्धलेखनाच्या नियमांसारखं स्वच्छ दिसत होतं, आणि त्या नियमांइतकंच मनाला लागत होतं, म्हणजे मुळीच नाही.

“आज मुलांना सांगाल ना?” बायको कपबशा विसळता विसळता म्हणाली.

“काय?”

“की धरणारा सोडत नाही.”

“नेहमी सांगतो तेच सांगेन.”

“नेहमी,” नळ बंद करून ती म्हणाली, “नेहमी तो होता.”

हे लागायला हवं होतं. त्याने मेंढरू पाकिटात घातलं, शर्टाचं वरचं बटण लावलं. बटण गार होतं, एवढंच कळलं.

वर्गात ओल्या स्वेटरांचा वास होता. त्याने टेकडी लावली, मेंढपाळ लावला, मेंढरू लावलं.

“मास्तर, पाच पाय!” दात पडलेली मुलगी ओरडली.

त्याने सांगितलं, दरवर्षीच्याच शब्दांत. पोरं खिदळली.

“मग आता कुठे असतो तुमचा मुलगा?” तिने विचारलं.

“वारला,” तो म्हणाला. सोमवारनंतर मंगळवार येतो, असं सांगावं तसं.

मेंढरू फळ्यावरून सुटून खाली पडलं. कापडाची लव झिजली होती. त्याने उचलून दाबलं. अंगठा काढला की पुन्हा सुटत होतं, म्हणून अंगठा तिथेच ठेवला.

“मेंढराला यायचंच नसेल तर?” मागच्या बाकावरचा गुबगुबीत मुलगा म्हणाला.

“विचारतंय कोण? मेंढपाळ उचलतोच,” दात पडलेली म्हणाली.

“आमचं मांजर उचललं की ओरबाडतं.”

“म्हणून काय खाली टाकतोस?”

“...कधी कधी.”

“तू टाकशील रे. मेंढपाळ केवढा मोठा आहे!”

“मोठा असला म्हणून काय, जबरदस्ती करायची?” आणि मग दोघंही वळली. “मास्तर, कोण बरोबर?”

दारात बायको पाण्याचा जग घेऊन उभी होती; कधी आली, कळलं नाही. जन्मभराचं उत्तर त्याच्या जिभेवर तयार होतं, आणि तिचंही उत्तर तिथेच होतं, शेजारी. आपलं म्हणावं, तर मुलगा हातचा जातो. तिचं म्हणावं, तर ते नुसतं तिच्यासाठी म्हटलेलं होईल, आणि तिला ते कळेल... पोरं वाट पाहत होती, पोरांना वाट पाहता येते...

“मला माहीत नाही,” तो म्हणाला. या खोलीत हे वाक्य तो पहिल्यांदाच बोलत होता.

तिने जग खाली ठेवला नाही. 

अंगठ्याखाली पाचवा पाय दुमडलेला जाणवत होता — हा जास्तीचा, तुटलाच तर असावा म्हणून ठेवलेला — आणि अंगठ्याला मुंग्या येऊ लागल्या होत्या, मग मनगटाला, मग आणखी वर. दाताचं इंजेक्शन उतरताना आधी असंच होतं, हे त्याला आठवलं. अंगठा काढावा असं त्याच्या मनात आलं, आणि काढवेना. दुखणार आहे, हे त्याला कळलं. अजून दुखत नव्हतं.