बाबांच्या खिडकीचा पत्रा

माझे वडील तळघरात झोपणार हे माझ्या नवऱ्याने परस्पर ठरवलं, आणि वर मला म्हणाला, "खिडकीचं काय ते तू निवड, तुझ्या मनासारखं." म्हणजे घर त्याच्या मनासारखं आणि खिडकी तेवढी माझ्या.

लंडनमधलं, एजवेअरचं आमचं घर जुनं. वर तीन खोल्या. एक आमची, एक आमच्या लेकीची, वरदाची, आणि एक गिरीशची स्टडी, जिच्यात तो शनिवार-रविवार क्रिकेट बघतो. आई गेल्यानंतर बाबा नागपूर सोडून कायमचे आमच्याकडे यायचे ठरले, तेव्हा ही स्टडी रिकामी होणार असं मी धरूनच चालले होते. गिरीश म्हणाला, त्यांचे गुडघे दुखतात, जिना कशाला चढायला लावायचा? तळघरात उतरायलाही जिनाच आहे, हे मी त्याला ऐकवलं. तर म्हणे खाली स्वतंत्र बाथरूम काढू. मी फिजिओथेरपिस्ट आहे, हॉस्पिटलात दिवसभर म्हाताऱ्यांचे गुडघे वाकवते, आणि हा मला गुडघे शिकवत होता.

तळघराची खिडकी जमिनीच्या खाली. तिच्यासमोर परसात खड्डा खणायचा, आणि माती ढासळू नये म्हणून त्याला जस्त चढवलेल्या पोलादी पत्र्याचा अर्धगोल कठडा बसवायचा. याला विंडो वेल म्हणतात. कौन्सिलचा नियम असा की खाली कुणी झोपणार असेल, तर आग लागल्यावर त्याला खिडकीतून बाहेर पडता आलं पाहिजे. नियम चांगला आहे. माझ्या बापाला तळघरात ठेवू नये असाही एखादा असता तर बरं झालं असतं.

मी रजा टाकून क्रॉयडनला गेले. तिथल्या एका गोडाऊनमध्ये हे पत्रे उभे करून ठेवले होते. एक अरुंद, भिंतीला चिकटलेला, आत सरळसोट लोखंडी शिडी. दुसरा रुंद, परसात चांगला चार फूट येणारा, आत बसताही येईल अशा पायऱ्या. विक्रेता पत्र्याची जाडी सांगत होता, जस्त किती वर्षं गंजू देत नाही ते सांगत होता. मी सरळ एकेका नमुन्याच्या आत शिरून जमिनीवर फतकल मारली, पलंगावर बसलेल्या बाबांना काय दिसेल ते बघायला. अरुंद पत्र्यातून पत्राच दिसत होता. रुंदातून मान न उचलता वरचा उजेड दिसत होता. मी म्हटलं, हाच.

"एवढा मोठा? मग बार्बेक्यू कुठे ठेवायचा?" गिरीशने विचारलं.

"माझ्या डोक्यावर," मी म्हटलं.

बाबा मे महिन्यात आले. तळघराचं काम चालू होतं, म्हणून त्यांना पुढच्या खोलीत सोफा-बेड लावून दिला. त्यांना काहीही विचारा, उत्तर एकच, "चालेल." चहा गार झालाय, चालेल. हीटर लावू का, नको, चालेल. जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः घासायला उठायचे. हा माणूस पुण्याला माझ्या भावाकडे, संजयकडे गेला की पहिल्या दिवशी टीव्हीची जागा बदलतो. आमटीत मीठ कमी पडलं तर सुनेला, रेखाला, ताटावरूनच हाक मारतो. आणि माझ्या घरात पंखा लाव म्हणायची चोरी. त्यांचं ते "चालेल" ऐकलं की माझं डोकं उठायचं.

त्या गुरुवारी मी कामावरून आले तेव्हा टेरी बिल्डर हत्यारं गोळा करत होता. खड्ड्याच्या तळाला पाणी मुरायला खडी घातलेली, पत्रा भिंतीला बोल्टांनी आवळलेला. पत्रा अरुंद होता. आत ती सरळसोट शिडी.

"हा माझा नाही," मी म्हटलं.

"तुझ्या मिस्टरांनी ऑर्डर बदलली," टेरी म्हणाला आणि शहाण्यासारखा व्हॅनकडे निघून गेला.

गिरीश स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. मी त्याला जे बोलले ते शेजारच्या बाईंनी कुंपणावरून ऐकलं, आणि मराठी येत नसूनही त्यांना कळलं असणार. माझ्या बापाला तळघरात घातलंस, ते मी गिळलं. आता त्याचा उजेडही तुला जड झाला? एका बार्बेक्यूसाठी?

"सुनीती, ऐकून तरी घे."

"काय ऐकू?"

"त्यांना काही बोलू नकोस," गिरीशच्या मागून बाबा म्हणाले. "गिरीशरावांना मीच सांगितलं. लहान घ्या म्हटलं. आणि वरची खोलीही मीच नको म्हटली होती, नागपूरहून फोन करून. जावयाची बसायची जागा घेऊन मी झोपू होय?"

"आणि हे मला कुणी सांगणार होतं का?"

"तू ऐकलं असतंस का?" बाबा म्हणाले. "आमच्यात लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. माझे वडील तुझ्या आत्याकडे जाताना फिरकीचा तांब्या बरोबर न्यायचे. मी तर इथे राहायलाच आलोय. त्यात तुझं अंगण कशाला खणायचं? आहे ते चालेल."

मी त्यांचा हात धरला, त्यांना खाली नेलं आणि खिडकी उघडून दिली. "आग लागलीय. चढा."

"काहीतरीच काय, सुनी."

"चढा म्हणते ना."

ते खिडकीतून कसेबसे खडीवर उतरले. शिडीच्या पहिल्या दांडीवर पाय ठेवला. दुसरीसाठी गुडघा वाकेना. तो वाकणार नाही हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी ते करायला लावलं, इतकी मी चिडले होते. त्यांनी दोन्ही हातांनी पत्रा धरला, जोर केला आणि पाय परत खाली घेतला. वरून गिरीश हात द्यायला वाकला होता. मी त्याला म्हटलं, खबरदार हात लावशील तर.

"आता म्हणा चालेल," मी म्हटलं.

बाबा पत्र्याकडे तोंड करून उभे राहिले.

"संजयकडे तुम्ही हक्काने मागता आणि माझ्याकडे चोरासारखे राहता. त्याने तुमच्यासाठी भिंत पाडली असती तरी तुम्ही हूं की चूं केलं नसतं. मला शिकवताना मुलगी म्हणून कमी शिकवलंत का? नाही ना? मग आता माझ्याकडून घेताना मी एकदम परकी कशी झाले? तुमचा तो तांब्या मला नका सांगू, बाबा. तो बघून आत्याला काय वाटायचं ते कुणी तिला विचारलं होतं?"

उत्तराला मी थांबले नाही, वर निघून आले. त्या रात्री आमच्या घरात ज्याने त्याने आपापलं ताट वाढून घेतलं. वरदानेसुद्धा.

सकाळी खिडकीतून पाहते तर बाबा मफलर गुंडाळून परसात उभे. हातातल्या काठीने त्यांनी मातीत मोठी अर्धगोल रेघ ओढली होती, आणि टेरीला खुणेने सांगत होते, इथपर्यंत. बार्बेक्यू गिरीशने स्वतः ओढून शेडमध्ये टाकला. मी खाली गेले नाही. माझा राग अजून उतरला नव्हता, आणि तो उतरायला हवाच असं मला वाटतही नव्हतं.

मोठा पत्रा पुढच्या आठवड्यात बसला. बाबा सामानासकट खाली राहायला गेले. दोन दिवस खालून काही आवाज नाही. मी मनात म्हटलं, पुन्हा चालेल सुरू झालं वाटतं.

तिसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, तळघरातून हाक आली. साधी हाक नव्हती. नागपूरच्या घरी ओट्यापर्यंत पोचायची तशी.

"सुनीती! हा तुझा पत्रा दुपारचा चकाकून डोळ्यांत घुसतो. झोप म्हणून लागत नाही. बिनचमकीचा रंग लावून घे त्याला."

मी जिन्याच्या तोंडाशी गेले. "नव्या पत्र्यावर रंग धरत नाही, बाबा. आधी तो खास रसायनाने धुवावा लागतो. वेळखाऊ काम आहे."

"मग धू. मला काय सांगतेस? आणि चहा टाक. काल टाकलास तसला गोड नको."

"तुमचं आपलं फारच असतं," मी ओरडले, आणि चहाचं आधण ठेवायला गेले. पातेलं शेगडीवर आदळलं आणि साखर मोजून निम्मी घातली. गिरीश म्हणाला, अजून चिडलेलीच आहेस? मी म्हटलं, हो.