वकिलांच्या कागदांचा लगदा

मी एक जुनं तांब्याचं भाण आहे, पाणी तापवायचं मोठं भांडं. डिचोलीच्या कासारानं मला ठोकून घडवलं आणि पेडण्यात गुरुदास वकिलांच्या न्हाणीतल्या चुलीवर माझी जागा झाली. मित्रांनो, त्या घरच्या अंघोळीचं पाणी मी कितीतरी वर्षं तापवलं. पुढे विजेचा बंब आला आणि मला परसात पालथं घातलं गेलं. तिथून न्हाणीतला तांब्या वाजलेला ऐकू यायचा. जीव तिकडे ओढायचा.

गोवा राज्य झालं त्या वर्षी वकील वारले. मागे राहिल्या त्यांच्या पत्नी सुमंगलाबाई आणि खोलीभर पक्षकारांचे कागद. कागदांना वाळवी लागली. दुकानदार भिकाजी म्हणाला, "वैनी, रद्दी माका द्या. पुड्यांक होतली."

हे कळताच शेजारची, नवऱ्याला सोडलेली मालती आली आणि दारातच उभी राहिली. "वैनी, घोवाक सोडताना मी वकिलांक सगळा सांगितलंय. त्याच कागदांत गावान चणे खाल्ले तर?"

बाईंनी भिकाजीला नाही म्हटलं. कागद जाळायला घेतले, तर अर्धवट जळलेली पानं वाऱ्यावर उडाली. दोघी कुंपणापर्यंत त्यांच्यामागे धावल्या.

"भिजवून कुटूया," बाई म्हणाल्या. "लगद्यात चिकटपणाला मेथी घालून टोपल्या लिंपू. खर्च नाही, आणि कुणाच्या हाती अक्षर लागायचं नाही."

त्यांनी मला सरळ करून पाण्यानं भरलं. दोघी न वाचता कागद आत सोडत होत्या. एका पानापाशी बाईंचा हात थांबला. निळ्या शाईत वकिलांचं अक्षर होतं.

"एक ठेवा, वैनी. आठवण म्हणून."

"अक्षर ह्यांचं आहे गं. पण गोष्ट दुसऱ्या कुणाची तरी."

त्यांनी पान छातीशी धरलं आणि मग हळूच पाण्यात सोडलं. शाई माझ्यात उतरत गेली. मला वाटलं, आता कुणी चूल पेटवावी आणि वकिलांनी पाणी मागावं.

लगदा कुटून टोपल्या लिंपल्या. वाळल्यावर पहिली टोपली मालतीला मिळाली. ती बोटानं वाजवत तिनं विचारलं, "ह्यात माझे कागद किती असतले?"

"आता कुणालाच कळायचं नाही," बाई म्हणाल्या. मालती पोटभर हसली.

माझ्या काठाला एक फिकट निळी रेघ राहिली आहे. बाई कधीतरी येऊन तिच्यावरून बोट फिरवतात. मित्रांनो, कुणी विश्वासानं तुमच्यापाशी मन मोकळं केलं, तर ते सांभाळा. आणि टाकायची वेळ आली, तर टाकतानाही सांभाळा.